पुतळाबाईंची उमेदवारी

पौर्णिमेच्या आसपास पुतळाबाई भोईर मला चिंबोऱ्या विकायच्या नाहीत. डोक्यावरची पाटी दारात उतरवायच्या, खाडीची कोलंबी काढून द्यायच्या, आणि मी चिंबोऱ्यांकडे हात केला की हातावर हलकेच फटका मारायच्या. "ती घेव नको, बाई. पोकळ हायत. अवसेला देते भरलेली." मग या पोकळ चिंबोऱ्या विकणार कुणाला, असं विचारलं की समोरच्या बिल्डिंगकडे बोट दाखवायच्या. "तिकडं. ते लय घासाघीस करतात."

मी मूळची कराडकडची. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही नालासोपाऱ्याला आचोळ्यात फ्लॅट घेतला, तोवर चिंबोरी, म्हणजे खाडीचा खेकडा, बघून खायचं असतं की पळायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. नांगी कशी फोडायची, कालवणात काय घालायचं, हे मला पुतळाबाईंनी आमच्या उंबऱ्यावर बसून शिकवलं. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, आणि आवाज असा की पहिल्या मजल्यावर बोलल्या तरी चौथ्या मजल्यावरच्या बायका पातेली घेऊन खाली यायच्या. नायगावच्या पुढे खाडीलगत खारवळ नावाचं त्यांचं गाव. तिथून एसटीने यायच्या, दारोदार फिरायच्या, सगळ्यांशी बोलायच्या, कुणाची सून बाळंत झाली ते या दारातून त्या दारात पोचवायच्या. सकाळची ती फेरी म्हणजे त्यांचं राज्य होतं. घरी त्यांचे यजमान नथूभाऊ बोलत आणि त्या ऐकत. पाटी डोक्यावर आली की त्या बोलत आणि आचोळं ऐकत असे.

आमच्या हॉलमधली चित्रं बघून एके दिवशी त्या म्हणाल्या, "माझी पोर पन काढते असली." दुसऱ्या खेपेला पोरीलाच घेऊन आल्या. निधी तिचं नाव. अंगाने बारीक, बोलायला बुजरी, पण कागदावर हात पडला की बुजरेपणा कुठल्या कुठे जायचा. आमचे हे, म्हणजे श्रीरंग, मुंबईच्या एका कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवत. त्यांनी तिची चित्रं पाहिली, नथूभाऊंना जाऊन भेटले, 'पोरगी चित्रकलेची शिक्षिका तरी नक्की होईल' असं आश्वासन दिलं आणि तिला कॉलेजात घातलं. नथूभाऊंनी तेवढ्यावरच होकार दिला होता. मास्तरकी म्हणजे सरकारी नोकरी, एवढं त्यांना कळत होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

यांच्या विषयाची गंमत अशी, की शिकायला छान आणि शिकून करायचं काय ते कुणालाच माहीत नाही. मुलं पाच वर्षं अजिंठा आणि लघुचित्रं पाठ करत आणि शेवटी एखाद्या दुकानात साड्यांचे स्टॉल सजवत. याचं यांना फार वाईट वाटे. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते रविवारी घरी बोलवत आणि तयारी करून घेत. संग्रहालयात कामं कोणती असतात, गॅलरीत काय विचारतात, आपलं काम दोन वाक्यांत कसं सांगायचं, चित्रं कोणत्या क्रमाने दाखवायची. खोट्या मुलाखती घेत. मुलगी खाली मान घालून खुर्चीवर बसलेली, समोर एक गृहस्थ चष्म्यातून प्रश्न विचारतायत, आणि आतून मी कांदेपोहे घेऊन येतेय. शेजारच्या वहिनींनी शेवटी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्या धाकट्या दिराचं बघताय का हो? किती मुली बघितल्या तरी पसंत कशा पडत नाहीत?"

निधीनेही त्यात भर घातली. ह्यांनी मुलांना परिचयपत्र लिहून आणायला सांगितलं. निधीने आयुष्यात परिचयपत्रं पाहिली होती ती फक्त लग्नाची. तिने स्वच्छ अक्षरात लिहून आणलं: उंची, वर्ण गव्हाळ, रास कन्या, नाडी, मामांचं नाव आणि गाव, आणि अपेक्षा: सुशिक्षित व निर्व्यसनी. मी हसून हसून बेजार झाले. ह्यांनी मात्र कागद वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "शेवटची अपेक्षा राहू दे. संग्रहालयालाही लागू पडते."

आमच्या ह्यांना एकच खोड होती, इंग्रजी शब्दांचं वावडं. मुलं 'इंटर्नशिप' म्हणाली की यांच्या कपाळाला आठी पडायची. "आपल्याकडे शब्द नाही का? उमेदवारी म्हणा. आपले कारागीर उस्तादाकडे उमेदवारी करूनच शिकले." मी म्हणायची, अहो, भाषेचं सोनं करा पण समोरच्याला कळू तर द्या. ऐकतील तर शपथ.

तर निधीच्या शेवटच्या वर्षी मुंबईतल्या एका संग्रहालयात जागा निघाली. जुनी, फाटलेली, तडकलेली चित्रं दुरुस्त करणारा तिथे एक विभाग होता. त्याच्या प्रमुख मटिल्डा मॅडम, आपल्या वसईच्याच. हाताखाली सहा महिने शिकायला त्यांना एकच मुलगी हवी होती. पगार नाही. पण पुढे त्या स्वतः शिफारस करणार, आणि या कामाची माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एवढ्या मुलांतून त्यांनी निधीला निवडलं. येत्या एक तारखेला हजर व्हायचं. नाहीतर दुसरी मुलगी तयारच होती.

ह्यांना आनंद मावेना. खारवळला फोन होता तो निधीच्या चुलतभावाच्या, अल्पेशच्या किराणा दुकानात. ह्यांनी लगेच तिथे फोन लावला आणि खणखणीत आवाजात निरोप दिला, "नथूभाऊंना सांगा, निधीची उमेदवारी नक्की झाली! वरून होकार आलाय!"

वरून म्हणजे संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरून. पण त्याच आठवड्यात खारवळच्या ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली होती आणि नथूभाऊंचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता. हे सगळं आम्हाला कुठून माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई आल्या त्या पाटीशिवाय. हातात पेढ्यांचा पुडा. पाटीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होते. ओळखीचं माणूस चष्म्याशिवाय दिसावं तशा त्या वेगळ्याच दिसत होत्या. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि पदर तोंडाला लावून दारातच बसल्या.

"काय केला गो बाई तुझ्या सरांनी," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं कळलं. निरोप मिळाला तेव्हा नथूभाऊ दुकानाच्या पायरीवरच बसले होते. प्राध्यापकांची मुंबईत मोठ्या लोकांत ऊठबस, त्यांनी पार वरून आपल्या पोरीसाठी तिकीट आणलं, असा त्यांचा समज झाला. ते स्वतः मागच्या निवडणुकीत उभे राहून पडले होते. तो काटा मनात होताच. त्यांनी तडक गावदेवीला नारळ फोडला आणि साऱ्या गावादेखत देवीला शब्द दिला, "माझ्या घरची बाई उभी ऱ्हाईल." पेढे वाटले. संध्याकाळी निधी घरी आली तर अंगणात लोक जमलेले आणि कुणीतरी तिच्या गळ्यात हार घातला. तिने खरं काय ते सांगितलं. नथूभाऊ म्हणाले, "आता मुंबईबिंबई काय नाय. देवीला शब्द दिलाय. फारम भरायचा." पोर तेव्हापासून जेवली नव्हती.

मी ह्यांना आतून बाहेर बोलावलं आणि पुतळाबाईंसमोरच फैलावर घेतलं. इंटर्नशिप म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? हे पायात चपला सरकवत होते. मग म्हणाले, "चल. खारवळला जाऊ."

नथूभाऊंनी आम्हाला ओटीवर खुर्च्या दिल्या. चहा आला. निधी दाराआड, डोळे सुजलेले. नथूभाऊ वाईट माणूस मुळीच नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमी मोठी मानसं. पन उमेदवारी बोललात तर आमी काय समजाचा?"

"माझंच चुकलं," हे म्हणाले. "मी जुन्या अर्थाने म्हटलं. उमेदवार म्हणजे ज्याला अजून काही येत नाही, पण उमेद आहे, असा माणूस. जाणत्या माणसाजवळ बसायचं, बघायचं, आणि बघत बघत शिकायचं. येत नाही म्हणूनच त्याला घेतात."

"पगार?"

"सध्या नाही."

"खुर्ची तरी?"

"स्टूल असतं," दाराआडून निधी म्हणाली.

नथूभाऊ हसले, पण दुखावल्यासारखे. "पगार नाय, खुर्ची नाय. आनि हितं मानाची जागा हाय. सर, आमच्या हिरीचा पानी टँकरवाले उपसून नेतात नि तुमच्या बिल्डिंगींना विकतात. आमच्या बायका हंडे घेऊन वनवन करतात. पंचायतीत एक शिकलेली पोर बसली तर चार सवाल तरी इचारल. तुमचा तो फाटका चित्र मोठा का आमचा पानी मोठा?"

यावर आमच्या प्राध्यापकांनी मान डोलावली. खरं सांगते, मलाही नथूभाऊंचं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच राग येत होता. आमच्या बिल्डिंगला टँकरचंच पाणी यायचं. त्या पाण्याचा चहा पिऊन आम्ही चित्रांचं महत्त्व सांगायला आलो होतो. पण दाराआड उभी असलेली पोर इतकी वर्षं ज्यासाठी झटली ते आता तिच्या हातून जाणार होतं, हेही तितकंच खरं होतं. तिची एक तारीख उलटली की संपलं.

तेवढ्यात पुतळाबाई आतून बाहेर आल्या. कपबशा गोळा करायला आल्या असतील असं मला वाटलं. त्या मध्ये उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "देवीपुढं तुमी काय बोललात?"

"काय बोललो?"

"'माझ्या घरची बाई उभी ऱ्हाईल,' असाच ना? पोरीचा नाव घेतलात?"

"नाव कशाला घ्याचा? सगल्यांना माहीत..."

"मंग मी कोन हाय? भाड्यानं आनलेली हाय का? मी उभी ऱ्हाते."

ओटीवर बसलेले दोन म्हातारे हसले. नथूभाऊंनी आधी हसून घेतलं, मग चिडले. "तुना काय येतंय त्यातला? सही करताना घाम फुटतो तुना."

"काय येत नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "सर आताच काय बोलले? ज्याला येत नाय त्यालाच उमेदवार बोलतात. जवल बसाचा, बघाचा, शिकाचा. पोर तिकडं शिकल, मी हिकडं शिकते. तुमचा शब्द पन ऱ्हाला नि पोरीचा काम बी झाला."

आचोळ्यात चार मजले ऐकू जाणारा तो आवाज त्यांच्या स्वतःच्या घरात लागलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. नथूभाऊंनी ओटीच्या खांबाला पाठ टेकली. अखेर म्हणाले, "पडलीस तर लोक मना हसतील."

"तुमी पडलात तवा मी हसले का?"

तिथे तो विषय संपला. निधी एक तारखेला संग्रहालयात हजर झाली.

पुढचा महिना मायलेकी दोघींच्या उमेदवाऱ्या सुरू होत्या. निधीला पहिले काही आठवडे चित्राला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं बघायचं, आणि काडीला कापूस गुंडाळून बोळे करायचे. मग कळलं, की जुन्या चित्रावरची धूळ कधी कधी चक्क थुंकी लावलेल्या बोळ्याने पुसतात. त्याने रंगाला इजा होत नाही. हे ऐकून पुतळाबाईंना फार बरं वाटलं. "म्हंजे पोरांची तोंडा पुसतो तसाच," त्या म्हणाल्या. मटिल्डा मॅडमबद्दलचा त्यांचा आदर एकदम वाढला.

इकडे प्रचाराच्या पत्रकावर पुतळाबाईंचा फोटो छापला, त्यात त्या घाबरलेल्या दिसत होत्या. भाषण एकही केलं नाही. पण पाटी घेऊन आचोळ्यात फिरायच्या तशा रिकाम्या हाताने गावातल्या प्रत्येक घरात जाऊन बसल्या. निधी म्हणाली, मी रजा घेऊन येते, भिंती रंगवते. पुतळाबाईंनी साफ नाही म्हटलं. "तू तुझा स्टूल सोडू नको. कुनी दुसरी बसल."

पुतळाबाई निवडून आल्या. गुलालाने माखलेले नथूभाऊ स्वतः आम्हाला पेढे द्यायला आले. आम्ही खूष झालो. सगळं गोड झालं, असं वाटलं.

गोड झालं नव्हतं. अमावास्या आली आणि गेली, पुतळाबाई आल्या नाहीत. पुढची अमावास्याही तशीच गेली. मी बाजारात माल न्यायला आलेल्या अल्पेशला गाठलं तेव्हा तो म्हणाला, "काकी आता मेंबर झाली ना मॅडम. काका बोलला, मेंबरबाईच्या डोक्यावर पाटी बरी दिसत नाही."

मला इतका राग आला की मी त्याच्यावरच ओरडले. पोरीला तिच्या मनासारखं करता यावं म्हणून या बाईने उभं राहायचं कबूल केलं, आणि त्यापायी तिचं स्वतःचं मनासारखं होतं तेवढं गेलं. एसटी गेली, आचोळं गेलं, चार मजल्यांचा आवाज गेला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांना हे आधीच माहीत असेल." मला ते तेव्हा खरं वाटलं नाही. आता वाटतं. नवऱ्याला त्या माझ्यापेक्षा जास्त ओळखत होत्या.

त्यांची मेंबरकी कशी चालली ते निधीकडून कळे. सभेला नथूभाऊ बरोबर जायचे आणि दाराशी उभं राहून तेच बोलायचे. ग्रामसेवक 'या मेंबर' म्हणायचा तो नथूभाऊंना. पुतळाबाई आत बसून बघायच्या. असं बरेच दिवस चाललं. मग एका उन्हाळ्यात त्यांनी गावातल्या बायका गोळा केल्या आणि रिकामे हंडे घेऊन सगळ्याजणी पंचायतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. टँकर भरायचे बंद होईपर्यंत रोज बसल्या. नंतर गावात नळ आला. नळाच्या फलकावर सरपंचाचं नाव लागलं आणि सत्कार नथूभाऊंचा झाला. पुतळाबाईंचं नाव कुठेच नव्हतं. मी हे बोलून दाखवलं तर त्यांनी मलाच गप्प केलं. "पानी आला ना? मंग."

मेंबरकी संपली तोवर त्यांचे गुडघे गेले होते. पाटी परत डोक्यावर आली नाही.

निधी मात्र रुजली. मटिल्डा मॅडमनी शब्द पाळला, पुढच्या शिक्षणाला पाठवलं, आणि नंतर तिला त्याच विभागात नोकरी लागली. दोन हजार चार-पाच साल असेल, संग्रहालयाने दुरुस्त केलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा तिने आम्हाला दोघांना आणि आईवडिलांना बोलावलं. नथूभाऊ सगळं पटापट बघून बाहेर बाकावर जाऊन बसले. पुतळाबाई निधीच्या हाताला धरून एकेका चित्रापुढे थांबत होत्या. नवं लुगडं, अबोलीची वेणी तीच.

एका पारशी शेठाणीच्या मोठ्या तैलचित्रापुढे निधी थांबली. "आये, ह्या बाईचा अर्धा गाल गेला होता. रंगाचे पोपडे पडले होते. तो मी भरला. वरीस गेला त्यात."

पुतळाबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. रखवालदार पुढे आला, निधीने त्याला खुणेने थांबवलं. पुतळाबाईंनी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"कुठला गाल?"

"हा. डावा."

"काय नाय दिसत."

"दिसायलाच नको, आये. दिसला तर माझा काम फसला."

"आनि तुझा नाव? खाली लिवलाय तो तुझा?"

"तो चित्र काढनाऱ्याचा. माझा नाय लिहीत."

पुतळाबाईंनी पदर सारखा केला. त्यांना वाईट वाटलं असावं असं मला वाटलं, आणि मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. त्या अजून त्या गालाकडेच बघत होत्या. मग मान हलवून म्हणाल्या, "म्हंजे वरीसभर राबाचा, नि कुनाला कलला नाय तर काम चांगला झाला."

"हा, तसाच."

"मंग येवढा शिकून तू घरचाच धंदा उचललास, पोरी."

निधी हसली. मग तिचं हसू थांबलं, आणि ती आईकडे बघत राहिली.